जुना लॅपटॉप : दुरुस्ती की नवी खरेदी?

लॅपटॉप संथ चालू लागला की तो म्हातारा झाला, असे आपण सहज म्हणून टाकतो. परंतु यंत्राचे म्हातारपण सर्वांगी नसते. त्याचा एखादा अवयव थकलेला असतो आणि बाकीचे धडधाकट असतात. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी कोणता अवयव थकला आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल २०१२ साली बाजारात आलेला थिंकपॅड टी४३० हा लॅपटॉप घेऊ. कचेऱ्यांतून निवृत्त झालेली या जातीची यंत्रे दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांतून पुन्हा विकली जातात. यातील हार्ड डिस्क, स्मृती म्हणजे रॅम, आणि बॅटरी हे तिन्ही भाग काढून बदलता येतात. हल्लीच्या पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकावर झाळलेली असते. तेथे हा विषय आरंभीच संपतो.

प्रथम हार्ड डिस्क पाहू, कारण संथपणाचे मूळ बहुधा तिच्यातच असते. जुन्या लॅपटॉपांतील अनेक डिस्कांची चकती मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावे लागते. शीर्ष धरणारा दांडा योग्य जागी सरकण्यास आणखी सुमारे १२ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेला एकेक तुकडा वाचण्यास साधारण साडेसतरा मिलिसेकंद होतात, आणि सेकंदाला असे ५७ तुकडेच वाचले जातात. समजा, यंत्र सुरू होताना असे ३,००० तुकडे वाचावयाचे आहेत. मग केवळ वाचण्यातच ५२ सेकंद खर्ची पडतील. एसएसडीमध्ये चकतीही नाही आणि दांडाही नाही. तेथे एका तुकड्यास एक दशांश मिलिसेकंद धरला, तर तेच काम सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात उरकते. नवा प्रोसेसर न घेताही जुने यंत्र तरतरीत का वाटते, याचे रहस्य एवढेच आहे.

रॅमचे कारणही याच जातीचे आहे. ती अपुरी पडली की संगणक उरलेला पसारा डिस्कवर टाकतो व पुन्हा उचलून आणतो. ४ गीगाबाइटच्या जागी ८ केल्यास ही ये-जा पुष्कळ कमी होते. मात्र या लॅपटॉपास डीडीआर३ जातीचीच रॅम लागते. डीडीआर४ची पट्टी त्याच्या खाचेत बसतच नाही.

बॅटरीचे प्रकरण थोडे निराळे आहे. लिथियम-आयन बॅटरीची धारणशक्ती तीनचारशे पूर्ण आवर्तनांनंतर उतरू लागते. नवी बसविणे हाताचा खेळ आहे. पण टी४३० मधील नियंत्रक चिप बॅटरीची ओळख तपासते, आणि परकी वाटल्यास ती भारित करण्याचे नाकारते. दुरुस्तीच्या वाटेत निर्मात्यानेच उभा केलेला हा अडसर खटकल्यावाचून राहत नाही.

आता ज्याला औषध नाही, ते पाहू. यूट्यूबवरील चित्रफिती व्हीपी९ व एव्ही१ या संकेतपद्धतींत येतात. त्या उलगडण्याची खास योजना २०१२ च्या प्रोसेसरांत नाही; सारा भार प्रोसेसरवर पडतो, यंत्र तापते आणि पंखा घोंघावू लागतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. विंडोज १० ची मोफत साहाय्याची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना आणि इंटेलच्या बाबतीत बहुधा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. टी४३० तिसऱ्या पिढीचा आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. येथे लिनक्स कामी येते. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही त्यातलीच. लेखन, वाचन, पत्रव्यवहार व प्रोग्रॅमिंगचा अभ्यास एवढेच काम असेल, तर एसएसडी आणि रॅम घालून यंत्र लिनक्सवर चालवावे, हेच बरे. एखादा आवश्यक प्रोग्रॅम विंडोजवरच चालत असेल, किंवा मुख्य फलकच बिघडला असेल, तर मात्र जुन्यावर पैसा ओतू नये.

नवे म्हणजे कोरेच घेतले पाहिजे, असेही नाही. २०१८ चा थिंकपॅड टी४८० आठव्या पिढीचा आहे, त्यात रॅमच्या दोन खाचा आहेत, आणि तो विंडोज ११ ला चालतो. दुरुस्तीचा एकूण खर्च अशा वापरलेल्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर हात आखडता घ्यावा. जुन्यातली एसएसडी वाया जात नाही; यूएसबीच्या पेटीत घातली की ती बाह्य साठवणीचे काम करते. फुगलेली बॅटरी मात्र क्षणभरही वापरात ठेवू नये, दाबू किंवा टोचू नये, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्राकडेच द्यावी.