वाटेत थांबायचं, पण कोणत्या शहरात?

हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं आता अमेरिकेत नोकरी करतात. आईवडील वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जाऊन येतात. तिकडे जाताना पुष्कळदा युरोपात विमान बदलावं लागतं आणि घरात चर्चा सुरू होते: एवढं लांब जातोच आहोत, तर वाटेत एखादं शहर बघून घ्यावं का? आणि बघायचं तर कोणतं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वसमत तालुक्यात आमची हळदीची शेती आहे, मुलगी अमेरिकेत असते. आम्ही दोघांनी असे मुक्काम केले आहेत. आता ओळखीचे लोक निघण्याआधी आमच्याकडे चौकशीला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे मांडते.

१. शहराचं नाव घेण्याआधी तास मोजा.
समजा, विमान सकाळी सातला उतरलं आणि पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आहे. कागदावर हे एकतीस तास होतात. त्यातून पासपोर्ट तपासणीची रांग, सामान, हॉटेलपर्यंतची वाट, रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवशी तीन तास आधी विमानतळावर पोचणं वजा करा. हातात जेमतेम दहा-बारा तास उरतात. म्हणून विमानतळ शहरापासून किती लांब आहे, हा पहिला प्रश्न. ॲमस्टरडॅम, झुरिक आणि फ्रँकफर्ट इथे विमानतळावरूनच रेल्वे मिळते आणि दहा-पंधरा मिनिटांत शहराच्या मुख्य स्टेशनवर उतरता येतं. म्युनिकला तेच अंतर कापायला चाळीस मिनिटं लागतात. पॅरिसला रेल्वेने अर्धा तास तरी मोडतोच, आणि शहर एवढं मोठं की पुढे प्रत्येक ठिकाणी जायला पुन्हा वेळ जातो. पॅरिस बघायचं तर चार दिवस काढून जावं. धावतपळत आयफेल टॉवर पाहून आल्याने पॅरिस पाहिल्याचं समाधान मिळत नाही.

२. घरून कुठल्या विमानतळावर जाणार, ते आधी ठरवा.
आपल्याला मुंबई आणि हैदराबाद असे दोन रस्ते आहेत. जनशताब्दी २०२४ पासून हिंगोलीहून सुटते, त्यामुळे मुंबई गाठणं सोपं झालं. पण वयस्कर माणसांना, मोठ्या बॅगा घेऊन, नांदेडमार्गे हैदराबाद जवळ पडतं. काचिगुडा-नरखेड इंटरसिटी हिंगोलीवरूनच जाते. हैदराबादहून लंडनला थेट विमान आधीपासून होतं, २०२४ च्या जानेवारीत फ्रँकफर्टचं सुरू झालं आणि २०२५ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅमचं. मुंबईहून याशिवाय पॅरिस, झुरिक, म्युनिक असे आणखी पर्याय मिळतात. म्हणजे हैदराबाद धरलं तर यादी आपोआप तीन नावांवर येते. निवड करताना कमी नावं समोर असणं बरं असतं.

३. अमेरिकेचा व्हिसा युरोपात चालत नाही.
हा गैरसमज फार घरांत आहे. विमानतळाबाहेर पडायचं तर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. त्या एका व्हिसावर आता २९ देशांत फिरता येतं, पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. लंडनला उतरून फिरायचं असेल तर ब्रिटनचे नियम वेगळे पाहावे लागतात. शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे, वर व्हिसा अर्ज केंद्राचा आकार. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा. जाताना आणि येताना दोन्ही वेळा थांबणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागा.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो, त्यामुळे नोकरदारासारखी कागदपत्रं आपल्याकडे नसतात. आम्ही बँकेच्या पासबुकाबरोबर सातबारा, आठ-अ आणि हळद विकल्याच्या बाजार समितीच्या पट्ट्या लावल्या, त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडलं आणि माझ्या पेन्शनचा कागदही दिला. जमिनीचा आणि विक्रीचा कागद नीट दिला की अर्जात आपली बाजू भक्कम होते.

४. प्रवासाचा महिना शेताला विचारून ठरवा.
आमच्याकडे जानेवारीपासून हळदीची काढणी, मग शिजवणी, वाळवणी, पॉलिश. मार्च-एप्रिलपर्यंत हळकुंड आणि बंडे वेगळे होऊन माल हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात जायला लागतो. मेअखेरीपासून नव्या लागवडीची घाई. म्हणजे शेतकऱ्याला मोकळीक मिळते ती एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. नेमका हाच नेदरलँड्समधल्या ट्युलिपचा हंगाम! लिसे गावातली क्यूकेनहॉफ बाग वर्षातून फक्त आठेक आठवडे, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते आणि हंगामात ॲमस्टरडॅमच्या विमानतळावरून तिकडे थेट बस जाते. आमचं शहर ठरलं ते या एका कारणाने.

बागेत सगळे फुलांचे फोटो काढत होते. आमचे हे मात्र विक्रीला ठेवलेल्या कंदांच्या टोपल्यांपाशी उभे राहिले. एक कंद हातात घेऊन त्याची साल, त्याचा डोळा निरखून पाहिला आणि मला म्हणाले, "विचार त्यांना, लावतात कधी, किती खोल?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. तिथल्या बाईंनी हाताने खोली दाखवत समजावलं की कंद थंडीच्या सुरुवातीला लावतात, हिवाळाभर ते गारठ्यात राहतात आणि तो गारठा मिळाल्याशिवाय वसंतात फूल नीट येत नाही. दर वर्षी या बागेत सुमारे ७० लाख कंद हातांनी लावले जातात. बेण्याची निवड आणि मजुरी यांचं गणित रोज करणाऱ्या माणसाला तो आकडा ऐकून काय वाटलं असेल, ते शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको. त्या दिवसाबद्दल हे अजून बोलतात.

एवढंच सांभाळा: २७ एप्रिलला तिकडे राजाचा वाढदिवस असतो. त्या दोन-तीन दिवसांत ॲमस्टरडॅममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलं महागतात.

५. जिथे आपलं काही आहे, ते शहर घ्या.
वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मसाल्याच्या व्यापाराशी आपलं नातं जुनं आहे, आणि त्या व्यापाराचं दुसरं टोक पाहायचं तर ॲमस्टरडॅमच. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा सगळ्यात मोठा विभाग याच शहरात होता. याच डचांची सतराव्या शतकातली वखार आपल्या वेंगुर्ल्यात पडक्या अवस्थेत उभी आहे. ॲमस्टरडॅमच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला कंपनीच्या 'ॲमस्टरडॅम' या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती बांधलेली आहे. मूळ जहाज १७४९ मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या किनाऱ्यावर अडकून बुडालं. प्रतिकृतीत शिरून तळाच्या कोठारापर्यंत उतरता येतं. खाली वाकून चालावं लागतं इतकं छत ठेंगणं आहे. पूर्वेचा मसाला असल्याच कोठारांतून महिनोन्महिने प्रवास करून युरोपात यायचा आणि नफा कुणाच्या पदरी पडायचा, हे तिथे उभं राहिल्यावर पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

माझ्या एका सहकारी बाईंनी मात्र लंडन निवडलं, आणि त्यांची निवड माझ्यापेक्षा सरस होती असं मी मानते. त्यांना तिथली एकच जागा पाहायची होती: १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. बाई म्हणाल्या होत्या, "राजवाडा नाही पाहिला तरी चालेल, पण त्या घराच्या पायऱ्या चढायच्या आहेत." त्या पायऱ्या चढून आल्या आणि शाळेत येऊन मुलांना त्या घराविषयी तासभर सांगत बसल्या. ज्या शहरात आपल्याला जाण्याचं खरं कारण आहे, तिथे एक दिवसही पुरतो.

६. वार आणि वेळ आधी बघा.
पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून खरेदीच्या हेतूने फ्रँकफर्टला थांबायचं असेल तर रविवार टाळा. ॲमस्टरडॅममधलं ॲन फ्रँकचं घर पाहायचं तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची तिकिटं दर मंगळवारी खुली होतात. व्हॅन गॉगच्या संग्रहालयातही वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढावं लागतं. ज्यासाठी थांबताय त्याचं तिकीट निघालं, की मगच हॉटेल पक्कं करा.

७. सामान, पाय आणि पोट.
थांबा चोवीस तासांच्या आत असेल तर बॅगा बहुधा थेट शेवटच्या विमानतळावर जातात. त्याहून जास्त थांबलात तर त्या उतरवून घ्याव्या लागतात. मुलांसाठी नेलेले पापड, मसाले, चटण्या यांनी भरलेल्या बॅगा ओढत जुन्या दगडी रस्त्यांवर चालणं साठीपुढच्या माणसाला जमत नाही. म्हणून हॉटेल स्टेशनजवळ घ्या. खोली दुपारी मिळते, पण बॅगा सकाळीच ठेवून घेतात.

खाण्याचं: बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस उत्तम टिकतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या. नेदरलँड्समध्ये रेल्वे-ट्राममध्ये बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चढताना आणि उतरताना टेकवून प्रवास होतो. मात्र एका कार्डावर एकच माणूस, म्हणून दोघांची दोन कार्डं हवीत आणि परदेशातला वापर बँकेतून आधीच सुरू करून घ्यायला हवा.

८. एका वेळी एकच शहर.
मुलगी म्हणायची, "आई, ॲमस्टरडॅमहून ब्रुसेल्स दोन-तीन तासांवर आहे, तेही करा." आम्ही नाही गेलो, आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. तोच वेळ कालव्याच्या काठी बसून सायकलवरून घरी जाणारी माणसं बघण्यात गेला. विमानप्रवासाने आंबलेल्या शरीराला तेवढी विश्रांती लागतेच, आणि पुढे आठ-दहा तासांचा समुद्रावरचा प्रवास बाकी असतो.

विचारायला येणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्यांदा जात असाल आणि शेतीत जीव असेल तर एप्रिलच्या उत्तरार्धात, २७ तारीख टाळून, ॲमस्टरडॅमला दोन रात्री राहा. बाबासाहेबांचं घर मनात असेल तर व्हिसाची वेगळी खटपट करा, पण लंडनलाच जा. पॅरिस वेगळ्या सहलीसाठी राखून ठेवा. आणि शेजाऱ्यांनी काय पाहिलं ते विचारत बसण्याऐवजी, आयुष्यभर कशाबद्दल कुतूहल वाटलं ते दोघांनी एकमेकांना विचारा. शहराचं नाव त्या उत्तरातच सापडेल.