कोलाहलातील प्रार्थना

आजच्या युगाला यंत्रयुग म्हणतात. त्याला कोलाहलाचे युग म्हटले तरी चालेल. रस्त्यावर वाहनांचे भोंगे, देवळात ध्वनिवर्धक, घरात दूरचित्रवाणी आणि खिशात मोबाईल! अशा गलबल्यात देवाचा आवाज ऐकू यावा कसा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मला त्याहून कठीण वाटतो तो पुढचा प्रश्न : ऐकू आलेला आवाज देवाचा की आपल्याच इच्छेचा, हे ओळखावे कसे?

प्रथम कोलाहलाविषयी. पंढरीच्या वारीत टाळ-मृदंगाचा गजर अखंड चालू असतो, तरी वारकऱ्याचे चित्त नामावर स्थिर राहू शकते. उलट आपण खोलीचे दार लावून डोळे मिटले, की परीक्षा, नोकरी, घरचे देणे, कुणी केलेला अपमान, सारे एकदम बोलू लागतात. मनातला हा गोंगाट बाहेरच्यापेक्षा चिवट असतो. नामस्मरणाचा उपयोग येथेच आहे. भरकटलेले मन पुन्हा पुन्हा एका नामावर आणले, की बाकीचे आवाज हळूहळू मागे पडतात. शिवाय प्रार्थनेत आपण बहुधा मागतच राहतो. मागणे संपल्यावर थोडा वेळ गप्प बसणे, हाही प्रार्थनेचाच भाग आहे.

या विषयाचा एक थोर अभ्यासक आपल्याच भागाने दिला. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांचा जन्म जमखंडीचा. अलाहाबाद विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे कुलगुरू झाले; पण नामसाधना त्यांनी सोडली नाही. विजापूर जिल्ह्यातील निंबाळ येथे त्यांचा आश्रम होता. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांतील संतवाङ्मयाचा त्यांनी सारख्याच आस्थेने अभ्यास केला. १९३३ साली निघालेल्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या ग्रंथात त्यांनी साक्षात्काराच्या कसोट्यांचीही चर्चा केली आहे. खऱ्या अनुभवाने माणसाची नीती उजळली पाहिजे आणि समाजाचे कल्याण झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

त्याच १९३३ सालच्या मे महिन्यात महात्मा गांधींनी आत्मशुद्धीसाठी २१ दिवसांचे उपोषण केले. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आपल्या गावाला ते परिचित आहेतच. या उपोषणाचा आदेश आपल्याला आतल्या आवाजाने दिला, असे त्यांनी सांगितले. हा भ्रम असेल, अशी शंका घेतली गेली. आवाज सिद्ध करून दाखवता येत नाही, हे गांधीजींनी मान्य केले; मात्र तो ऐकण्यासाठी संयमाची दीर्घ तयारी लागते, असे त्यांचे मत होते. तो आवाज त्यांच्याकडून काय मागत होता, हेही पाहण्यासारखे आहे. त्याने दुसऱ्याला शिक्षा करायला सांगितले नाही. स्वतः झीज सोसायला सांगितले.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तेरीज जुळली की हायसे वाटते. पण तेरीज जुळली म्हणून सर्व नोंदी बरोबर असतातच असे नाही. एखादी रक्कम चुकीच्या खात्यावर गेली असली तरी दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच येते. प्रार्थनेनंतर वाटणाऱ्या शांतीचेही तसेच आहे. मन शांत झाले म्हणून निर्णय देवाचाच, असे धरून चालू नये. त्याची तपासणी करावी : यात माझ्या अहंकाराचे किती पोषण आहे? कुणाचे नुकसान आहे काय? चार दिवसांनी, राग ओसरल्यावरही तेच वाटते काय?

आपल्या गावात भाषेवरून मने लवकर तापतात. अशा वेळी शेजाऱ्याचा द्वेष कर म्हणून सांगणारा आवाज कितीही मोठा आणि कितीही पवित्र शब्दांत आला, तरी तो देवाचा नव्हे, असे मला वाटते. ज्या मातीत रानडे यांना मराठी अभंगांत आणि कानडी पदांत एकाच देवाची वाट दिसली, त्या मातीत आपण शिकतो आहोत. रोज दहा मिनिटे का होईना, मोबाईल बाजूला ठेवून आपण शांत बसावे, आणि जे ऐकू येईल ते या कसोटीवर घासून पाहावे, एवढीच माझी विद्यार्थीबंधुभगिनींना विनंती आहे.