फलाटावरचा डायनोसॉर

प्रश्न : ल्युमिएर बंधूंच्या आगगाडीच्या जुन्या फिल्ममध्ये माझ्या भाच्याने संगणकावर तयार केलेला डायनोसॉर बसवला आहे. काम मन लावून केलंय, तरी तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. असं का? आणि दुसऱ्याच्या फिल्ममध्ये अशी भर घालणं कायद्याला चालतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याने फिल्म छान निवडली आहे. ला सिओटा स्थानकात गाडी शिरते तेवढंच दृश्य, जेमतेम 50 सेकंदांचं. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा खेळ झाला, त्यातही आगगाडीचं दृश्य होतं. कॅमेरा एका जागी उभा असल्यामुळे त्याच्या हालचालीशी डायनोसॉरची हालचाल जुळवण्याची कटकट इथे नाही. अडचण अशी की डायनोसॉर फार स्वच्छ असणार.

त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण 16 फ्रेम, पण हात कधी भरभर चाले, कधी सावकाश, आणि त्याप्रमाणे उजेड कमी-जास्त होई. ल्युमिएरांच्या फिल्मला प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना एकेकच गोल छिद्र असे. फिल्म आकसली, छिद्र झिजलं की चित्र थरथरतं. फलाट थरथरतोय आणि डायनोसॉर स्थिर, हे डोळा लगेच पकडतो. म्हणून आधी जुनं चित्र संगणकावर स्थिर करावं, त्यात प्राणी बसवावा आणि मग मूळची थरथर आणि उजेडाचा चढउतार दोघांनाही सारखा परत द्यावा.

रंगाचंही तसंच. ती फिल्म मुख्यतः निळा प्रकाश टिपायची. लाल वस्तू काळपट उमटे, निळं आकाश पांढरंफटक. तांबूस कातडीचा डायनोसॉर नुसता कृष्णधवल केला तर तो राखाडी दिसेल. तिथे तो जवळजवळ काळा हवा. फिल्मचा ग्रेनही, म्हणजे तिचा दाणेदारपणा, त्याच्या अंगावर चढवावा लागतो. धावताना तो पुसट व्हायला हवा, कारण प्रत्येक फ्रेमला उजेड बराच वेळ मिळे.

सर्वांत वेळखाऊ काम माणसांचं. जो प्रवासी डायनोसॉरच्या पुढून जातो, त्याची कडा प्रत्येक फ्रेममध्ये हाताने कातरावी लागते. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. 50 सेकंद गुणिले 16, म्हणजे सुमारे 800 फ्रेम. इथे घाई केली की टोपीच्या कडेला पांढरी किनार दिसते.

भाच्याने सेकंदाला 60 फ्रेमची गुळगुळीत आवृत्ती घेतली असेल तर ती सोडून द्यावी. तिच्यातल्या बहुतेक फ्रेम संगणकाने अंदाजाने भरलेल्या असतात. माझ्या मते तिथेच मूळ फिल्म हरवते.

आता कायदा. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, त्यामुळे 1896 ची फिल्म केव्हाच मोकळी झाली आहे. पण कुणी तिला नवं संगीत दिलं असेल, तर त्या संगीतावर त्याचा वेगळा हक्क असतो. बोलपटांत जास्त जपावं लागतं. चित्रपटाची मुदत संपली तरी गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात.

कायद्यापलीकडची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फलाटावर डायनोसॉर पाहून कुणी फसणार नाही. पण 1930 च्या दांडीयात्रेच्या चित्रणात गर्दी वाढवली, एखादा फलक बदलला, तर दहा वर्षांनी तेच पुरावा म्हणून दाखवलं जाईल. तंत्र दोन्हीकडे एकच आहे. म्हणून भाच्याला सांगा : मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेव, आणि तू काय घातलंस ते चित्रातच, सुरुवातीच्या पाटीवर लिही. व्हिडिओखालचं वर्णन फिरता फिरता गळून पडतं, चित्रातली पाटी सहसा टिकते.