पत्रिका छापायला देण्यापूर्वी

लग्नपत्रिकेत वेगळेपण आणायला दोन जागा असतात, मजकूर आणि रूप. हौस आणि पैसा जातो रूपावर. रुसवेफुगवे, धावपळ आणि दुसऱ्यांदा छपाई होते ती मजकुरापायी. पाकिटावरचा गणपती उभा असावा की बसलेला, यावर घरात आठवडाभर खल होतो आणि आतला मजकूर चुलतभावाच्या जुन्या पत्रिकेवरून उतरवून छापखान्यात दिला जातो. अशाच एका उतरवलेल्या पत्रिकेत, मधल्या काळात वारलेले आजोबा निमंत्रकांच्या यादीत तसेच राहिले. प्रूफ तिघांनी पाहिले होते, पण तिघांनीही ते रंगासाठी पाहिले. पहिली पत्रिका आजींच्या हातात पडल्यावर चूक उघडकीला आली आणि सगळ्या गठ्ठ्यावर सोनेरी चिकटपट्ट्या लावत अख्खे घर जागले. प्रूफ वाचायचे असते, बघायचे नसते. तेही दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्या बाईमाणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे. कुणाच्या नावाआधी 'कै.' लागते, कुणाला 'चि.' आता शोभत नाही, कुठल्या मामांचे नाव आधी यायला हवे, हे तिला पाठ असते.

पत्रिकेचा रूढ साचा जुनाट वाटला तरी रिकामा नाही. कुलस्वामिनीच्या नावावरून घराणे कळते. 'ज्येष्ठ', 'द्वितीय', 'कनिष्ठ' यांवरून कुठल्या मुलाचे लग्न ते. हे सगळे काढून टाकून केवळ दोन पहिली नावे आणि एक दिल छापले, तर गावाकडच्या पाहुण्याला बोलावणे नेमके कुणाकडून आले ते उमगत नाही. भर घालावी ती साच्याच्या आत. निमंत्रकांत आजोबांबरोबर दोन्हीकडच्या आज्या याव्यात. वधूवरांच्या नावाखाली शिक्षणाच्या पदव्यांऐवजी आजोळचे गाव यावे. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ मोठ्यांनी मुलांच्या नावावर खपवण्यापेक्षा खरोखर मुलांकडून लिहून घ्यावी. ती हमखास वेगळी निघते. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलीतल्या पत्रिकेला तर गोडी असतेच. मात्र ती बोली घरात बोलणाऱ्याने सांगावी आणि दुसऱ्याने उतरवून घ्यावी. नाटकात ऐकलेली बोली शहरातल्या मुलाने लिहिली, की गावचे लोक हसतात, आणि भलत्याच ठिकाणी हसतात. तारीख, वेळ, पत्ता एवढे प्रमाण मराठीतच ठेवावे.

विधी वेगळा तर साचाही वेगळा. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताविना लग्ने लावण्यासाठी मंगलाष्टके स्वतः रचली. त्या पद्धतीने लग्न करणाऱ्यांच्या पत्रिकेवर सवयीने मुहूर्त आणि मिती टाकली जाते, ती खटकते. बौद्ध कुटुंबांत 'मंगल परिणय' अशा मथळ्याची, तथागत बुद्ध आणि डॉ. आंबेडकर यांची चित्रे असलेली पत्रिका रूढ आहे. तिथे दुकानदाराचा ठरलेला श्लोक आपोआप छापला जाणार नाही, हे पाहावे लागते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न असेल तर नोटिशीचे ३० दिवस उलटल्याशिवाय विवाह लागत नाही. तारीख हातात येण्याआधी पत्रिका छापली, तर तिची रद्दी होऊ शकते.

मितीत दोन घोळ होतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे मराठी पत्रिकेतला कार्तिक वद्य पक्ष हिंदी पत्रिकेत मार्गशीर्ष कृष्ण पक्ष असतो. शुद्ध पक्षात मात्र महिना एकच. सून किंवा जावई हिंदीभाषक घरातले असले आणि पत्रिका दोन्ही भाषांत निघाली, तर अनुवाद करणारा कार्तिकाचा कार्तिकच ठेवतो आणि कागदावर लग्न महिनाभर आधी लागते. दुसरा घोळ अधिक मासाचा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. त्यानंतरच्या लग्नाच्या पत्रिकेत नुसते 'ज्येष्ठ' न लिहिता 'निज ज्येष्ठ' लिहावे. 'गोरज मुहूर्त' कानाला गोड लागतो, तरी शेजारी घड्याळाची वेळ हवीच.

मजकूर ठरला की अक्षर. इथे संगणक दगा देतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये गेला, की पहिला बळी जातो तो 'ऱ्ह' या जोडाक्षराचा. गोऱ्हे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे यांच्या आडनावातला अर्धा र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते वऱ्हाडच चुकीचे छापले जाते. ल आणि श यांचेही तसेच. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे २००९ च्या शासन निर्णयानेही ठरवून दिली आहेत, पण बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाची अक्षरे येतात. मुंबईच्या एक टाईप या संस्थेचा 'मुक्त' मोफत मिळतो आणि बारीक मजकुरालाही चालतो. नावांसाठी मात्र फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा अक्षरे रेखाटून घेणे केव्हाही सरस. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली की जाहिरातीतले नाव लांबून पाहिले तरी नाटकाची जात कळे. अच्युत पालव यांच्या सुलेखनाने पुढची पिढी घडली. गावातल्या फलक रंगवणाऱ्या कसबी माणसालाही हे जमते. आजीच्या वळणदार हस्ताक्षरात दोन नावे लिहून स्कॅन केली, तर फुकटात असे काही मिळते जे दुसऱ्या कुठल्याही पत्रिकेवर असणार नाही. नावे एकदा रेखाटली, की तीच पत्रिकेवर, अक्षतांच्या पुडीवर, मंगलाष्टकांच्या पुस्तिकेवर, कार्यालयाच्या दारातल्या फलकावर आणि वऱ्हाडाच्या बसच्या काचेवर वापरता येतात. या सगळ्या कागदपसाऱ्याला एकसूत्रीपणा यायला आणखी कशाची गरज नसते.

चित्रांत सध्या वारलीची चलती आहे. बहुतेक पत्रिकांवर तारप्याभोवतीचा नाच असतो, त्यात पालखी आणि सनईवाले घुसडलेले असतात. वारल्यांच्या लग्नाचे खरे चित्र म्हणजे लग्नचौक: घराच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढलेला चौकोन आणि त्यात पालघट देवी. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. वारली घ्यायचीच तर त्या चित्रकारांकडून मोबदला देऊन काढून घ्यावी. शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढरी रेघ साध्या डिजिटल किंवा ऑफसेट छपाईत उमटत नाही, कारण त्या यंत्रांत सहसा पांढरी शाई नसते. पांढरे म्हणजे उघडा कागद. त्यासाठी स्क्रीन प्रिंटिंग लागते, नाहीतर पांढऱ्या कागदावर गेरूचा रंगच छापावा लागतो. पडद्यावर देखणे दिसलेले चित्र छापून आल्यावर मळकट का दिसते, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. देवाच्या चित्राचाही विचार करावा. पत्रिका रद्दीत टाकायला मन धजत नाही आणि ती शेवटी देवळाच्या पारावर किंवा नदीत जाते. वर एका ओळीत देवाचे स्मरण आणि पाकिटावर पैठणीच्या काठाचा मोर, एवढ्याने शोभा कमी होत नाही.

कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. ए-फोर आकाराचा ३०० जीएसएमचा कागद मधोमध दुमडला तर नुसती पत्रिका पावणेएकोणीस ग्रॅमची झाली. टपालात पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा; पाकीट घातले की तो ओलांडला जातो आणि प्रत्येक पत्रिकेला जास्त तिकिटे लागतात. दोनशे-अडीचशे जीएसएममध्ये काम छान होते. हातकागद हवा असेल तर पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे; त्या खरबरीत पोतावर बारीक अक्षर मात्र पसरते. सोनेरी फॉइलमध्ये तर अनुस्वार गळतात आणि 'सौ. कां.' चे 'सौ. का.' होते. बारीक मजकूर नेहमी साध्या शाईत घ्यावा. लेझरने कातरलेली जाळी पाकिटातून काढताना फाटते. गिरगावातल्या खाडिलकर रस्त्यावर किंवा दिल्लीच्या चावडी बाजारात तयार पत्रिका पाहताना ती पाकिटातून चार-पाच वेळा काढून-घालून बघावी. टपाल खात्याच्या 'माय स्टॅम्प' योजनेत वधूवरांच्या छायाचित्राची तिकिटे करून मिळतात, एका पत्र्यात १२. लांबच्या मोजक्या नातलगांसाठी ही हौस परवडते.

क्यूआर कोड आता पत्रिकेवर आलाच आहे. तो किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा असावा. मरून कागदावर सोनेरी कोड मोबाइल वाचत नाही. काही संकेतस्थळे जो 'बदलता येणारा' कोड मोफत देतात, तो मुदत संपली की बंद पडतो, आणि मुदत नेमकी लग्नाच्या आठवड्यात संपू शकते. नकाशाचा दुवा थेट कोडमध्ये घालावा आणि प्रूफच्या कागदावरून दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासावा. व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका चित्र किंवा पीडीएफच असावी. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत आणि पोलिसांनी त्याबद्दल सावधही केले आहे. त्यामुळे सोबत दोन ओळी स्वतःच्या लिहाव्यात, म्हणजे घेणाऱ्याला खात्री पटते. वडीलधाऱ्यांकडे हळदकुंकू लावलेली पत्रिका आणि अक्षता घेऊन जावेच लागते, त्याला पर्याय नाही.

मंगलाष्टकांच्या पुस्तिकेत घरच्यांनी रचलेले एखादे अष्टक घालण्याची चाल चांगली आहे. मात्र मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात, ओळीला १९ अक्षरे आणि बाराव्यावर यती. त्यात घरातल्या प्रत्येकाचे नाव कोंबले की वृत्त मोडते आणि म्हणणारी मावशी भर मांडवात अडखळते. दोन-तीन नावे पुरेत, आणि छापण्याआधी एकदा चालीत म्हणून बघावे.

विवाह नोंदणीसाठी महाराष्ट्रात १९९८ चा अधिनियम आहे आणि नोंदणी करताना इतर कागदांबरोबर लग्नपत्रिकाही मागतात. म्हणून वधूवरांची पूर्ण नावे आधार कार्डावर असतील तशीच छापावीत. लाडाचे नाव हवे तर अवतरणचिन्हांत. पत्रिकेतली तारीख आणि अर्जातली तारीख जुळली पाहिजे. पत्रिका नसली तर बहुधा प्रतिज्ञापत्र करावे लागते, तेव्हा वाटपाच्या गडबडीतही तीन-चार कोऱ्या, हळदकुंकू न लावलेल्या प्रती पाकिटासह बाजूला काढून ठेवाव्यात.