पानाचा रंग काय सांगतो?



आपल्या बेला परिसरात कापसाचे पान लाल पडले की आपण म्हणतो, "लाल्या आला." पण पुष्कळदा डोळ्यांना दिसण्याआधीच पानावरून परत येणारा प्रकाश बदलू लागतो.

निरोगी पानातील हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश शोषून घेते. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मात्र जवळपास निम्मे परत येतात. हरितद्रव्य घटले की लाल प्रकाश जास्त परततो. आतील पेशी बिघडल्या की अवरक्त कमी परततो.

समजा, निरोगी पानावरून अवरक्त 50 टक्के व लाल 10 टक्के परतला. फरकाला बेरजेने भागा : 40 भागिले 60, म्हणजे 0.67. आजारी पानाचे आकडे 30 व 20 असतील, तर उत्तर फक्त 0.2.

1970 च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फोटो घेऊन रोगट नारळझाडे शोधण्याचा प्रयोग झाला.

मात्र असा आकडा पान आजारी असल्याचे सांगतो. कारण दर वेळी सांगत नाही. पान मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडल्याने लाल होते, तसेच तुडतुड्यांनीही होते. अन्नद्रव्य कमी असताना कीटकनाशक फवारले, तर पैसा जातो, विषाचा धोका वाढतो आणि पान लालच राहते.

म्हणून मुलांनो, या रविवारी शेतातील दहा पाने उलटून पाहा, वहीत नोंद करा आणि फवारणीपूर्वी ती वडिलांना दाखवा.