रॅम बदलण्याआधी मॉडची यादी बघा

‘क्रुसेडर किंग्ज ३’ या गेममध्ये मी ८६७ सालापासून राष्ट्रकूट घेऊन बसलो होतो. आमच्या चिकलठाण्याहून वेरूळ तासाभरावर. ज्या घराण्यातल्या कृष्णराजानं तिथलं कैलास लेणं कोरवलं, ते सोडून मी इंग्लंड कशाला खेळू? चौथा राजा गादीवर, सव्वीस मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) चालू, आणि ९३१ च्या मार्चमध्ये गेम बंद. पुन्हा सेव्ह उघडला, पुन्हा मार्चमध्येच बंद.

सीपीयू उचलून जालना रोडवरच्या एका दुकानात नेला. झाकण न काढताच निकाल मिळाला, “रॅम गेली भाऊ.” अडीच हजार मोजले. घरी आलो, मार्च ९३१! परत गेलो तर म्हणे, “मग पॉवर सप्लाय असंल. तुमच्याकडं एमआयडीसीमुळं व्होल्टेज वर-खाली होतं.” म्हणजे माझ्या राजाला शॉक बसतो तोही मुहूर्त बघून!

त्या रात्री सेकंड शिफ्ट करून आलो, डबा धुवायला टाकला आणि तिथंच, नळाखाली, डोक्यात उजेड पडला. रॅम खराब असती तर गेम कधीही पडला असता. दर वेळी त्याच महिन्यात पडतो, म्हणजे त्या महिन्यात गेमच्या आत काहीतरी घडतंय. ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी तुमचे अडीच हजार वाचतील.

डॉक्युमेंट्समधल्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हच्या फोल्डरात, गेमच्या लॉग्जमध्ये ‘एरर.लॉग’ असते. उघडली तर एकाच मॉडच्या फाईलचं नाव पानंच्या पानं. वारसाहक्काचा मॉड खाली आणि त्याला दुसऱ्याशी जुळवून घेणारा पॅच वर. यादी मीच लावली, कबूल. पण “ए-बी-सी लाव, झालं” असं छातीठोक सांगणारा मित्र आता फोन उचलत नाही.

तर ऐका. दोन मॉडमध्ये त्याच जागी त्याच नावाची फाईल असेल तर लाँचरच्या यादीत खाली असलेला मॉड जिंकतो. वरच्याची ती फाईल गेम वाचतच नाही. म्हणून मोठे मॉड वर, त्यांच्यावर बेतलेले त्यांच्या खाली, आणि पॅच सगळ्यांत शेवटी. पडद्यावरची एकच खिडकी बदलणारे दोन मॉड पॅचशिवाय एकत्र नांदत नाहीत, प्रयत्नही करू नका. गुन्हेगार सापडत नसेल तर अर्धे मॉड बंद करून पाहा, मग उरलेल्यांतले अर्धे. पण हे सेव्हची कॉपी काढून. आणि स्टीमचं वर्कशॉप तुम्हाला न विचारता मॉड अपडेट करतं. गेमही अपडेट झाला असेल तर स्टीमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बेटाज’खाली जुनी आवृत्ती मिळते का बघा. बाकी बॅकअप ठेवा, मॉडची माहिती वाचा वगैरे सगळे सांगतातच.

क्रम बदलला, दोन वर्षं मागचा ऑटोसेव्ह उघडला. ९३१ चा एप्रिल लागला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

जुनी रॅम मागायला दुकानात गेलो. “ती खराबच होती ना? फेकली.”