लॉगिन झालं, पुढे काय?

मागच्या सेमिस्टरला आम्ही होस्टेलच्या मेस बिलासाठी छोटं वेब अ‍ॅप केलं. चुकीचा पासवर्ड, रिकामा पासवर्ड, लॉगआउटनंतर जुनी कुकी, सगळ्या टेस्ट पास! मी खुशीत. तेवढ्यात रूममेटने अ‍ॅड्रेस बारमधल्या बिल क्रमांकात ५७ चे ५८ केले आणि शेजारच्या खोलीतल्या पोराची थकबाकी समोर आली.

घोळ कुठे होता? 'तू कोण' हे आम्ही तपासलं होतं. 'तुला हे बघायचा हक्क आहे का' हे नाही. पहिलं ऑथेंटिकेशन, दुसरं अ‍ॅक्सेस कंट्रोल. ओवॅस्पच्या टॉप टेन यादीत हा दुसरा दोष २०१७ मध्ये पाचवा होता, २०२१ मध्ये पहिला आला. म्हणजे आम्ही एकटे नव्हतो, तेवढंच समाधान.

मग बिलाचा मालक आणि सेशनमधला विद्यार्थी एकच आहे का, हे सर्व्हरवर बघायला लागलो. टेस्टमध्ये आता दोन विद्यार्थी असतात. 'अ'च्या सेशनने 'ब'चं बिल मागायचं, उत्तर ४०३ आलंच पाहिजे. लॉगिनच नसेल तर ४०१. नुसता कोड बघून थांबू नका. उत्तरात बिलाचा आकडा गळत नाही ना, तेही तपासा.

रेक्टर सरांचं 'बिल माफ' बटण विद्यार्थ्यांच्या पानावर लपवलेलं होतं. पण बटण लपवलं म्हणून रिक्वेस्ट थोडीच अडते? विद्यार्थ्याच्या सेशनने थेट पोस्ट रिक्वेस्ट पाठवली. उत्तर २००, बिल शून्य! टेस्टचा डेटाबेस वेगळा होता म्हणून बरं, नाहीतर मेसवाल्या काकांना काय सांगितलं असतं?